नाताळचे जुने सिनेमे जमवायचे? आधी कव्हर उलटं करा

न्यू जर्सीत राहायला गेलो त्या पहिल्या डिसेंबरात एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी एक डॉलरला 'स्क्रूज' नावाची डीव्हीडी उचलली. ऑफिसातला एक वयस्कर सहकारी रोज जेवताना सांगायचा, नाताळच्या रात्री भुतं येऊन कंजूष म्हाताऱ्याला सुधारतात, त्या डिकन्सच्या गोष्टीवरचा तो जुना ब्रिटिश सिनेमा बघच, अ‍ॅलिस्टर सिमने म्हातारा स्क्रूज काय रंगवलाय! घरी येऊन लावली, तर सिमचा पत्ताच नाही. चित्र इतकं काळपट, की भूत कुठलं आणि खुर्ची कुठली तेही कळेना. मी आणलेला 'स्क्रूज' निघाला १९३५ चा, सीमोर हिक्सचा. सिमचा १९५१ चा. दोन्ही ब्रिटिश, दोन्ही कृष्णधवल, दोन्हींचं मूळ नाव एकच. त्यात भर म्हणजे १९५१ चा सिनेमा अमेरिकेत 'अ ख्रिसमस कॅरल' या नावाने लागला होता, त्यामुळे त्याच्या डिस्क आजही दोन्ही नावांनी सापडतात. कव्हरच्या पुढच्या बाजूला बर्फ, मेणबत्ती आणि मोठ्ठं नाव. साल मागे, मुंगीएवढ्या अक्षरात.

तेव्हापासून डिस्क हातात आली की मी ती आधी उलटी करतो. नव्याने या नादाला लागणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सिनेमा जमवू नका, सिनेमाची नेमकी आवृत्ती जमवा. ती कशी ओळखायची, कशावर लावायची आणि आपल्या हवेत कशी टिकवायची, ते ओळीने सांगतो.

मुळात डिस्क कशाला?

ओटीटीवर सगळं मिळतं की, हा पहिला प्रश्न. मिळतं, पण कुठली आवृत्ती मिळेल हे आपल्या हातात नसतं. १९९२ चा 'द मपेट ख्रिसमस कॅरल' घ्या. मायकेल केन स्क्रूज झालाय आणि भोवती सगळी कापडी बाहुली मंडळी. त्यात तरुण स्क्रूजची वाग्दत्त वधू त्याला सोडून जाताना एक गाणं म्हणते. थिएटरातल्या प्रतीतून ते कापलं होतं, पण व्हिडिओ कॅसेटवर होतं. कॅसेट बघत वाढलेल्या पिढीला ते पाठ. पुढच्या चांगल्या दर्जाच्या आवृत्त्यांतून मात्र ते गायब, कारण त्या गाण्याची मूळ फिल्मच सापडत नव्हती. २०२० साली ती सापडल्याचं जाहीर झालं आणि २०२२ च्या डिसेंबरात गाण्यासकट सिनेमा डिस्ने प्लसवर आला. मधल्या काळात ज्यांच्याकडे जुनी कॅसेट होती, त्यांनी ती टाकून दिली नाही हे बरंच झालं.

दुसरं उदाहरण 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस'चं. १९६५ पासून अमेरिकेत हा कार्टून कार्यक्रम दर डिसेंबरात साध्या टीव्हीवर फुकट लागायचा. २०२० मध्ये दाखवायचे हक्क पैसे भरून बघायच्या अ‍ॅपल टीव्ही प्लसकडे गेले. कपाटात ती एक डिस्क असेल, तर हक्क कुठे का जाईनात.

पहिली पायरी: चारच निवडा

पहिल्या वर्षी चाळीस डिस्क आणल्या की बाकीच्या छत्तीस वेष्टनातच राहतात. अनुभव आहे. मी सुरुवातीला या चार घ्यायला सांगतो.

पहिला 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६, दिग्दर्शक फ्रँक काप्रा, नायक जेम्स स्टुअर्ट. आज हा नाताळचा सगळ्यात लाडका सिनेमा असला, तरी प्रदर्शित झाला तेव्हा खर्चही वसूल झाला नाही. तो घराघरांत पोचला तो एका कारकुनी चुकीमुळे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. १९७४ मध्ये ते राहून गेलं. मग काय, फुकटचा सिनेमा म्हणून दिसेल त्या टीव्ही केंद्राने डिसेंबरात तो रोज लावला, आणि ज्याला कॅसेट छापता येत होती त्याने ती छापली. १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीने सिनेमा पुन्हा ताब्यात घेतला. म्हणून ऐंशीच्या दशकातली या सिनेमाची कॅसेट कुठे मिळाली तर आठवण म्हणून घ्या, बघायला घेऊ नका. प्रतीची प्रत आणि तिची प्रत, असा तो माल आहे. २०१९ मध्ये याची फोरके डिस्क (डीव्हीडीहून स्पष्ट ती ब्ल्यू-रे, तिच्याहून स्पष्ट ती फोरके) आली, ती उत्तम आहे.

यातला बर्फही बघण्यासारखा. त्याआधी स्टुडिओत पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स बर्फ म्हणून पाडत. त्यावर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज, त्यामुळे संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राच्या मंडळींनी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण करून ते हवेत उडवलं. चित्रीकरण चाललं होतं कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात. चांगल्या प्रतीत पुलावरच्या प्रसंगात स्टुअर्टच्या चेहऱ्यावर घाम दिसतो, तो अभिनयाचा नव्हे.

दुसरा 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट', १९४७. न्यू यॉर्कच्या मेसीज दुकानात सांताक्लॉज म्हणून नेमलेला म्हातारा स्वतःला खराच सांता म्हणवतो आणि प्रकरण कोर्टात जातं. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी एडमंड ग्वेनला ऑस्कर मिळालं. स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनक यांचं म्हणणं, की उन्हाळ्यात लोक जास्त सिनेमे बघतात. म्हणून नाताळचा हा सिनेमा उन्हाळ्यात लावला, आणि जाहिरातीत नाताळचा उल्लेख जवळजवळ दडवला. १९९४ मध्ये याची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात सांता झालेत रिचर्ड अ‍ॅटनबरो, आपल्याला 'गांधी'मुळे माहीत असलेले. दोन्ही बघा, पण विकत घेताना साल तपासा. नाव इथेही एकच आहे.

तिसरा सिमचा 'स्क्रूज', त्याबद्दल वर रडून झालंय.

चौथा 'व्हाइट ख्रिसमस', १९५४. बिंग क्रॉसबी, डॅनी के, रोझमेरी क्लूनी, व्हेरा-एलन, आणि गाणी अर्व्हिंग बर्लिनची. गोष्ट बेताची, हे मोकळेपणाने सांगतो. पण व्हिस्टाव्हिजन तंत्रात प्रदर्शित झालेला हा पहिला सिनेमा. नेहमी कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते. इथे ती आडवी सरकवून प्रत्येक चित्राला जवळजवळ दुप्पट जागा दिली होती. म्हणून चारांपैकी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे यांतला फरक सगळ्यात जास्त दिसतो तो याच सिनेमात. शेवटच्या गाण्यातले लाल झगे डीव्हीडीवर नुसते लाल असतात, ब्ल्यू-रेवर ते मखमली होतात.

हे चार जमले की पुढे मग एर्न्स्ट लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०), 'अ ख्रिसमस स्टोरी' (१९८३), 'होम अलोन' (१९९०) अशी गाडी आपोआप चालू लागते. 'होम अलोन'मध्ये तो पोरगा टीव्हीवर बघतो तो काळा-पांढरा गुंडांचा सिनेमा कुठे मिळेल, म्हणून शोधत बसू नका. तसा सिनेमा नाहीच. तो तुकडा याच सिनेमासाठी तयार केला होता.

दुसरी पायरी: आपलं यंत्र काय वाजवतं ते बघा

इथे भारतात राहणारे हमखास फसतात. डीव्हीडीवर जगाचे विभाग पाडलेले आहेत: अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. ब्ल्यू-रेचे विभाग तीनच: अमेरिका ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. कव्हरच्या मागे छोट्या पृथ्वीच्या चित्रात आकडा किंवा अक्षर असतं. भारतात विकले गेलेले बरेचसे डीव्हीडी प्लेअर सगळे विभाग चालवतात किंवा रिमोटवरून तसे करता येतात. ब्ल्यू-रे प्लेअर मात्र हट्टी असतात. खेळायच्या कन्सोलवर ब्ल्यू-रे लावणार असाल, तर कन्सोल ज्या देशासाठी बनला त्याच देशाचा विभाग तो धरतो.

फोरके ब्ल्यू-रेला विभागच नाहीत. न्यू यॉर्कात घेतलेली नाशकात चालते. खर्चाची तयारी असेल तर नव्या माणसाने थेट तिकडेच जावं, असं माझं मत झालंय. फक्त त्यासाठी फोरके प्लेअरच लागतो, साध्या ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये ती डिस्क लागत नाही.

लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडणाऱ्यांसाठी एक धोका: ड्राइव्हचा विभाग साधारण पाचदाच बदलता येतो. पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. गंमत म्हणून बदलत बसू नका.

आणि परदेशातून प्लेअरच आणणार असाल, तर अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलंय का ते आधी बघा. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मी पुण्यात परत आलो तेव्हा सामान सोडवायच्या आधीच मुलीला सिनेमा दाखवायची घाई केली. प्लगला फक्त पिनांचा जोड लावला, बटण दाबलं, आणि मागून छोटासा 'टक्' आवाज आला. नंतर वास. प्लेअरच्या मागे '१२० व्होल्ट' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मागची बाजू वाचायचा सल्ला मी इतरांना का देतो, ते कळलं असेल.

तिसरी पायरी: मागची बाजू ओळीने वाचा

साल आणि कलाकार पहिल्यांदा. मग लांबी. 'वंडरफुल लाइफ' १३० मिनिटांचा आहे. तुमच्या ब्रिटिश डीव्हीडीवर १२५ लिहिलेलं दिसलं तर सिनेमा कापलाय म्हणून भांडायला जाऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. युरोप-भारतातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळवतात, म्हणून चार टक्के लवकर संपतो आणि गाणारे गळे किंचित वरच्या पट्टीत जातात. अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या डीव्हीडीत आणि ब्ल्यू-रेमध्ये ही पळापळ नाही. संगीतप्रधान सिनेमा असेल तर मी पाल प्रत टाळतो. फरक मात्र पाच मिनिटांपेक्षा बराच जास्त असेल, तर खरंच कात्री लागलेली असू शकते.

नंतर रंग. 'वंडरफुल लाइफ', 'मिरॅकल' आणि सिमचा 'स्क्रूज' हे तिन्ही कृष्णधवल, आणि तिघांनाही नंतर संगणकाने रंग चढवलेत. स्टुअर्ट आणि काप्रा दोघांनी या रंगरंगोटीला जाहीर विरोध केला होता. रंगीत प्रत घेणं हा गुन्हा नाही, लहान मुलं तिच्याच मोहाने बसतात. पण कव्हरवर फक्त 'रंगीत' असेल तर ठेवून द्या. दोन्ही आवृत्त्या एकत्र देणारे संच मिळतात, तसे घ्या. एकदा कृष्णधवल बघून मग रंगीत लावा. बर्फ जास्त पांढरा कुठे दिसतो, तुम्हीच ठरवा.

चौकटीचा आकार. १९५३ च्या आधीचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, १.३७ ला १. आजच्या रुंद टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, त्या याव्यातच. याउलट 'व्हाइट ख्रिसमस' रुंद पडद्यासाठी रचलेला. रुंद सिनेमाच्या जुन्या कव्हरवर 'फुल स्क्रीन' असे शब्द दिसले तर बहुधा बाजूच्या नाचणाऱ्यांना चौकटीबाहेर ढकललेलं असतं. भरल्या पडद्याचं आमिष दाखवणारे हे शब्द प्रत्यक्षात उलटे आहेत.

सबटायटल. चाळीसच्या दशकातलं अमेरिकी बोलणं भरधाव असतं, आणि आईवडिलांबरोबर बघायचं असेल तर लिखित ओळी लागतातच. मागे 'इंग्लिश एसडीएच' (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या ओळी) किंवा नुसतं 'सबटायटल्स : इंग्लिश' असं हवं. काही जुन्या डीव्हीडींवर फक्त 'सीसी' अशी खूण असते. ते जुन्या टीव्हीसाठीचं वेगळं तंत्र आहे आणि एचडीएमआय केबलमधून ते टीव्हीपर्यंत पोचत नाही. बटणं दाबून दाबून दमाल, अक्षर उमटणार नाही.

शेवटी डिस्कच उलटी करा. चकचकीत रुपेरी म्हणजे कारखान्यात छापलेली. जांभळट झाक असेल तर ती बर्न केलेली. सगळ्या जांभळ्या डिस्क चोरीच्या नसतात. कमी खपाचे जुने सिनेमे काही कंपन्यांनी अधिकृतपणे मागणीनुसार बर्न करून विकले आहेत. पण रस्त्यावरच्या टोपलीत, धूसर छापलेल्या कव्हरात जांभळी डिस्क दिसली तर खाली ठेवा.

चौथी पायरी: कुठून आणि केव्हा

अमेरिकेत असाल तर सगळ्यात आधी गावातलं सार्वजनिक वाचनालय. डिस्क फुकट घरी मिळते, बघून आवडली तरच विकत घ्यायची. त्याच वाचनालयांच्या जुन्या मालाच्या विक्रीत आणि गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत एक-दोन डॉलरला मिळते. नाताळच्या डिस्क डिसेंबरात महाग आणि जानेवारीत केविलवाण्या स्वस्त, म्हणून खरेदी जानेवारीची, बघणं पुढच्या वर्षीचं. वापरलेली घेताना दुकानातच कव्हर उघडून आत तीच डिस्क आहे ना ते बघा. आतला, ऑनलाइन बघण्यासाठीचा डिजिटल कोड बहुधा आधीच वापरलेला असतो, त्याचे पैसे मोजू नका.

भारतात मात्र दुकानातली फळीच नाहीशी झालीय. २००७ च्या आसपास मोझर बेअरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना मिळायची, तेव्हा वाण्याच्या दुकानातही सिनेमे टांगलेले असत. आता परदेशातून मागवायचं म्हटलं तर टपालखर्च आणि वर सीमाशुल्क. आमच्या घरात यावर जुनाच तोडगा आहे: बहीण डिसेंबरात येते तेव्हा डिस्क कव्हरातून काढून कापडी पाकिटात घालते, छापील कागद घडी न घालता पुस्तकात ठेवते, रिकामी प्लॅस्टिकची कव्हरं तिकडेच टाकते. वीस डिस्क एका मोठ्या पुस्तकाएवढ्या जागेत बसतात. परतताना तेवढ्याच जागेत भाजणी आणि गोडा मसाला जातो. कव्हरं इकडे नवी मिळतात.

जुन्या व्हीसीडी घरात असतील त्यांनी जपाव्यात, पण त्यांच्याकडून चित्राची अपेक्षा ठेवू नये.

पाचवी पायरी: लावण्याआधी टीव्हीला आवरा

नवा टीव्ही स्वतःच्या मनाने चित्रं घुसवून हालचाल गुळगुळीत करतो. त्याने १९४७ चा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. सॅमसंगमध्ये याला 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' म्हणतात, एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो एकच बटण सगळं करतो. चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा 'फोर बाय थ्री' ठेवा. 'झूम' केलं की स्टुअर्टची हॅट जाते. आणि पडद्यावर हलणारे बारीक कण दिसले तर ते फिल्मचे आहेत, डिस्कचा दोष नाही.

मुलांबरोबर बघणार असाल तर तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. 'वंडरफुल लाइफ'मधला नायक जीव द्यायला पुलावर उभा राहतो. लहानग्यांना एकट्याने बघायला देऊ नका. 'मिरॅकल'चा सगळा प्रश्नच 'सांता खरा की खोटा' हा आहे, तेव्हा घरात अजून सांतावर विश्वास असेल तर उत्तर तयार ठेवा. आणि 'हॉलिडे इन' (१९४२), ज्यात 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं पहिल्यांदा पडद्यावर आलं, त्यात गोऱ्या कलाकारांनी चेहरे काळे रंगवून केलेला एक नाच आहे. टीव्हीवर तो पुष्कळदा कापतात, डिस्कवर असतो. मी तो पुढे ढकलत नाही, थांबवून मुलीशी बोलतो.

सहावी पायरी: वही आणि पावसाळा

एक साधी वही किंवा फोनवरची यादी करा: नाव, साल, डीव्हीडी की ब्ल्यू-रे, विभाग, कृष्णधवल की रंगीत, कुणाला दिली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. यादी नसताना मी 'मिरॅकल' तीनदा विकत घेतलाय.

डिस्क पुसायची तर मऊ मायक्रोफायबर कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल फिरवून नाही, कारण गोल ओरखडा माहितीच्या रांगेला समांतर जातो आणि प्लेअरला तो झेपत नाही. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, ब्ल्यू-रेमध्ये तो पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. त्याच्यावर टणक लेप असतो खरा, पण बोटं कडेलाच लावा. कव्हरं पुस्तकांसारखी उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

कॅसेटची गोष्ट निराळी. कोकणात, मुंबईत, वसईकडे जून ते सप्टेंबर टेपवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट मुळीच लावू नका. बुरशी यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर वर्षी त्या बदलायच्या. शिवाय अमेरिकी कॅसेट आपल्याकडच्या जुन्या व्हीसीआरवर बहुधा नीट चालतच नाही, कारण पुन्हा तेच पाल आणि एनटीएससी.

मी हे सगळं काम मेच्या शेवटच्या आठवड्यात काढतो, छत्र्या दुरुस्तीला टाकायच्या सुमाराला. डबे उघडायचे, पुड्या बदलायच्या, डिस्कना उजेडाकडे धरून बघायचं. पंखा पाचवर ठेवून एखादी लावतोही. 'मिरॅकल' उन्हाळ्यातच लागला होता म्हणे.